मूठभर जुना कापूस

नणंद-भावजय एका घरात असणं हे नशीब म्हणून सोडून देता येतं. पण त्याच दोघी दिवसभर एकाच प्रयोगशाळेतही असाव्यात, हा निव्वळ गाढवपणा. आणि तो वहिनीने स्वतःच्या पायांनी चालत जाऊन केला होता.

ती प्रयोगशाळेत आधी लागली, सून नंतर झाली. विभागप्रमुख मॅडम एकदा चष्मा घरी विसरल्या, तो द्यायला त्यांचा धाकटा भाऊ आला, आणि चष्मा देता देता स्वतःच आंधळा होऊन गेला. लग्न झालं. त्या दिवसापासून मॅडम घरी नणंद झाल्या आणि ही प्रयोगशाळेत वहिनी झाली. एका बैठकीत मॅडमच्या तोंडून "वहिनी, तुझे आकडे दाखव" असं निसटलं, सगळे फिसकन हसले, आणि पुढे काचसामान धुणाऱ्या बाईपासून बाहेरच्या परीक्षकांपर्यंत जो तो तिला वहिनीच म्हणायला लागला. तिचं शिक्षण, तिची इतकी वर्षं, तिचं स्वतःचं नाव, सगळं त्या एका शब्दाखाली गेलं. मॅडमना मात्र प्रयोगशाळेत मॅडमच म्हणायचं, असा दंडक होता. घरी ती त्यांना 'वन्सं' म्हणे. हल्ली हा शब्द कोणी वापरत नाही. ती मुद्दाम वापरायची, आणि त्यातला 'सं' जरा जास्तच लांबवायची.

मॅडमचं पाठीमागचं नाव होतं फिनेलबाई. बसण्याआधी खुर्ची पुसणार, पुसलेलं फडकं धुणार, आणि धुतलेल्या फडक्याचा वास घेऊन बघणार. नाकावर माशी बसू देत नाही म्हणतात ना, ते या बाईच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं.

वहिनीचं काम उंदरांच्या रक्तावर चालायचं. ज्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल निचरतच नाही, असे उंदीर मुद्दाम निपजवलेले असतात. त्यातल्या निम्म्यांना ती साधं खाद्य द्यायची आणि निम्म्यांना चरबीचं. काही आठवड्यांनी भूल देऊन मानेतली धमनी उघडी करायची, तिच्यावर लोहाच्या क्षारात बुडवलेला कागदाचा कपटा ठेवायचा, आणि गुठळी होऊन रक्त थांबायला किती वेळ लागतो ते बघत बसायचं. चरबी खाल्लेल्यांचं रक्त लवकर थांबे. हे इतरांनाही माहीत होतं. वहिनीचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. कोलेस्टेरॉल वाढलं की अंगात दाह पेटतो, म्हणजे कुठे लागलं-खुपलं नसतानाही शरीर जखम झाल्यासारखं धुमसत राहतं, आणि त्या दाहाने रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट्स चेकाळतात. तिच्या चरबीवाल्या उंदरांच्या रक्तात दाहाची प्रथिनं इतकी वर चढली होती, की दुसऱ्या कोणाच्या कामात तेवढी दिसली नव्हती. कोलेस्टेरॉल आणि गुठळी यांच्यामधला दुवा आपण पकडला, असं तिला वाटत होतं. तिचा सगळा प्रबंध त्या मधल्या दुव्यावर उभा होता.

आणि प्रबंधावर उभं होतं घर. दुसऱ्या गावच्या एका संस्थेने तिला जागा देऊ केली होती. स्वतःचं टेबल, स्वतःचे पिंजरे, स्वतःचं नाव. अट एकच, प्रबंध वेळेत दाखल व्हायला हवा. नवऱ्याने बदली मागून घेतली, दोन खोल्या बघून ठेवल्या, आणि पुठ्ठ्याची खोकी आणून जिन्याखाली रचली. वहिनी त्या दोन खोल्यांपैकी फक्त ओट्याचं स्वप्न बघायची. ज्याच्यावर कोणी बोट फिरवून ते उजेडात धरणार नाही, असा ओटा.

दोघींमध्ये विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. ते कुठून सुरू झालं हेही वहिनीला पक्कं ठाऊक होतं. त्यात आपलं काय चुकलं, एवढंच तिला कळत नव्हतं. सासूबाई तिच्या लग्नाच्या थोडं आधी गेल्या. त्यांची खोली तशीच बंद होती, आजारपणाचा वास कोंडलेला. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नणंद परगावी परिषदेला गेली, आणि ती परत येईपर्यंत खोली लख्ख करावी, तिला बरं वाटेल, असं वहिनीच्या मनात आलं. तिने चादरी, अभ्रे, पडदे, साड्या सगळं गरम पाण्यात काढलं, गादीतला जुना कापूस फेकून नवा भरून आणला, फरशी घासली, भिंतीसुद्धा पुसल्या. नणंद आली, दारात उभी राहिली, एकदा खोल श्वास घेतला आणि आत पाऊल न टाकता परत फिरली. आभाराचा शब्द नाही. तेव्हापासून ती वहिनीला पाण्यात बघत होती. तिचं ते पुसण्याचं वेडही तेव्हापासूनचंच. करावं तरी शिव्या आणि न करावं तरी शिव्या, असं म्हणून वहिनीने तो विषय मनात बंद करून टाकला होता.

मॅडमची जीभ मात्र बंद होत नव्हती. चरबीचं खाद्य मऊ आणि ओशट असतं. उंदीर ते खातात कमी आणि फासतात जास्त, अंगाला, भुशाला, पिंजऱ्याच्या भिंतींना. एकदा प्राणिघरात पाहुणे आले असताना मॅडमनी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माफ करा हं. वहिनीच्या पिंजऱ्यांना वहिनीच्या ओट्याचाच वास येतो."

पाहुणे हसले. वहिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. घरचा ओटा हिने इथे आणला! बघतेच, असं म्हणून दुसऱ्या दिवसापासून तिने चरबीवाले पिंजरे दिवसाआड बदलायला सुरुवात केली. नियम आठवड्यातून एकदाचा होता. साध्या खाद्याचे पिंजरे त्या नियमानेच चालू राहिले, कारण ते दिसायला स्वच्छच असत. चरबीवाल्यांचं काम तिने प्राणिघराच्या माणसालाही करू दिलं नाही. सकाळी स्वतः यायची, उकळून आणलेला पिंजरा, नवा भुसा, घरट्यासाठी नवा कापूस, त्यात उंदीर सोडायची, झाकण लावायची आणि कामाच्या टेबलाकडे पळायची. फिनेलबाईला नाक खुपसायला जागा म्हणून ठेवायची नाही, एवढाच तिचा हिशेब होता.

प्रबंध पुरा झाला. मॅडमनी तो आठवडाभर ठेवून घेतला. आता लाल शाईने न्हाऊन परत येणार, अशी मनाची तयारी करून वहिनी त्यांच्या खोलीत गेली, तर सही झालेली. एक खोड नाही, एक टोमणा नाही. त्या बाईंच्या तोंडून चक्क "छान झालंय" असे शब्द आले. वहिनीला आनंदाआधी भीतीच वाटली.

"एक चित्र तेवढं राहिलंय," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "दोन्ही खाद्यांचे उंदीर शेजारी शेजारी. उताणेच ठेव. पाठीकडून नको काढूस."

"का मॅडम?"

"चांगली दिसत नाही पाठ. सोमवारी दाखल करून टाक. उगाच घोळ घालत बसू नकोस."

आता मॅडमनी नको म्हटलं, की वहिनीचा हात तिथेच जाणार. हा काही स्वभावाचा मोठेपणा नव्हे, ही नुसती खोड. पाठ चांगली दिसत नाही म्हणजे काय? माझे उंदीर ओशट, हेच ना पुन्हा? ती तणतणत प्राणिघरात गेली. शेवटच्या तुकडीतले उंदीर अजून शिल्लक होते. तिने चरबीवाला एक उचलला, त्याला भूल दिली, पालथा ठेवला, आणि पाठ अशी चकचकीत करून दाखवते की बघत राहशील, असं म्हणत ओल्या कापसाने ते चिकटलेले केस पुसायला लागली.

शेपटीच्या वर, केसांखाली, खपल्या होत्या.

आधी तिला ते खाद्याचे कण वाटले. तिने पुन्हा पुसलं. खपल्या, जुने व्रण, आणि एक जखम तर ओली, कडा सुजलेल्या. बारीक बारीक, दोन दोन दातांच्या. तिने दुसरा उंदीर काढला, मग त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यातले. जवळजवळ सगळ्यांची तीच दशा. मग साध्या खाद्याचे तपासले. त्यांची पाठ साफ होती, कुठे एखादा ओरखडा असला तर. इतके महिने तिने हे उंदीर हाताळले होते, पण पिंजरा बदलताना घाईघाईत, आणि टेबलावर कायम उताणे. मान वर, पाठ खाली. गुठळी मानेत होते, मग पाठ कोण बघतो?

 तिने नेहमीसारखा एक पिंजरा बदलला आणि या वेळी पळाली नाही, समोर स्टूल ओढून बसली. चौघे नर नव्या भुशात उतरले. हुंगत हुंगत कोपऱ्यांतून फिरले. नव्या पिंजऱ्याला कोणाचाच वास नव्हता, त्यामुळे कोण मोठा, कोण धाकटा, कोणी कुठे झोपायचं, हे ठरलेलं सगळं पुसून गेलं होतं. आणि मग एकाने दुसऱ्याच्या पाठीचा चावा घेतला. बारीक किंकाळी आली. बघता बघता पिंजऱ्यात नुसता भुसा उडायला लागला. थोड्या वेळाने सगळं शांत झालं, चौघे चार कोपऱ्यांत बसले. परवा पुन्हा नवा पिंजरा, पुन्हा पहिल्यापासून.

दाह कोलेस्टेरॉलचा होता की दातांचा, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. लागलं-खुपलं नसताना शरीर धुमसतं, असं तिने पानंच्या पानं लिहिलं होतं. तिच्या उंदरांना दिवसाआड लागत होतं, आणि ती स्वतःच्या हाताने त्याची सोय करत होती. एका टोमण्यासाठी. ओट्यासाठी! डोंगर पोखरून उंदीर निघाला तर माणूस निदान हसतो. तिने उंदीर पोखरले आणि आतून निघालं आपल्याच घरातलं भांडण. तिला रडू आलं, आणि रडताना मॅडम आठवल्या म्हणून रडू थांबलं. उताणेच ठेव. पाठीकडून नको.

म्हणजे या बाईला माहीत होतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग सांगायचं कोणाला? तिने सही केलीय ना? तिला चालतंय, मग तुला काय झालं?"

"मला काय झालं? ते खोटं आहे!"

"अगं, पूर्ण खोटं कुठे आहे? रक्त तर लवकर गोठतंच ना?"

"गोठतं. पण का गोठतं हे मला कळलंय, असं मी लिहिलंय. आणि मला ते कळलेलं नाही."

त्याने चिकटपट्टी दातांनी तोडली आणि पुढचं खोकं ओढलं. बहीण आणि बायको यांच्यामध्ये तो कायम असंच काहीतरी काम काढायचा. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," असं पुटपुटला, आणि त्याच्या लक्षातही आलं नाही की आज दातांचं नाव घ्यायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"चावे. पाठीवरचे."

मॅडमनी आधी टेबलावरचा न दिसणारा कण फडक्याने पुसला. "बस," त्या म्हणाल्या. वहिनी बसली नाही.

"मेलेले उंदीर टाकून देण्याआधी मी एकेक उलटा करून बघते," मॅडम म्हणाल्या. "जुनी सवय. उन्हाळ्यातच दिसलं मला. दिवसाआड पिंजरे बदलतेस, तेही फक्त एका बाजूचे. जुन्या घरट्यातला मूठभर कापूस नव्या पिंजऱ्यात टाकायचा असतो, म्हणजे वास राहतो आणि नर शांत राहतात. तुला कोणी शिकवलं नाही का?"

"शिकवायचं काम तुमचं होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीत? सही कशी केलीत?"

मॅडमनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम म्हाताऱ्या दिसायच्या. "कारण सही केली की तू जाणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला तू माझ्या घरात नकोयस. पहिल्या आठवड्यापासून नकोयस. खोटा प्रबंध घेऊन जात असशील तर खोटा घेऊन जा. नाव पहिलं तुझं आहे. उद्या कोणी उकरून काढलं तर तुला विचारतील. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी बसलेली असेन."

इतक्या वर्षांत ही बाई पहिल्यांदा खरं बोलली, असं वहिनीला वाटलं. राग तर आलाच, पण एक विचित्र मोकळेपणाही आला. "एवढं काय केलं मी तुमचं?" तिने विचारलं. "एक खोली साफ केली, तीही तुमच्यासाठी!"

"वास पुसून टाकल्यावर काय होतं," मॅडम म्हणाल्या, "ते तुझ्या उंदरांच्या आधी मला कळलं होतं."

बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. वहिनीच्या डोळ्यांपुढे ते दार आलं, त्यात उभी राहिलेली नणंद, आणि तिने घेतलेला तो खोल श्वास. आईचा वास शोधायला तिने श्वास घेतला होता, आणि तिला साबणाचा आला होता. एवढी साधी गोष्ट. इतकी वर्षं आपण आभाराची वाट बघत बसलो, याची वहिनीला लाज वाटली. लाज वाटली, पण राग तसूभरही कमी झाला नाही. उलट तो आता कुठे नीट पायांवर उभा राहिला. एका खोलीच्या बदल्यात ही बाई माझं सगळं काम बुडवायला निघाली होती, आणि वर मला वाटायला हवं होतं की मीच जिंकून चालले.

तिला जाता आलं असतं. सोमवार परवावर आला होता, खोकी भरून तयार होती. पण नव्या गावच्या त्या ओट्याशी उभं राहून आयुष्यभर तिला ठाऊक असणार होतं, की आपण सुटलो नाही, आपल्याला बाहेर सोडलं. आणि घरात बसून ही बाई तेच मनात म्हणत राहणार होती.

तिने टेबलावरचा प्रबंध उचलला, सहीचं पान टरकावून काढलं आणि मॅडमच्या त्या लख्ख टेबलावर ठेवलं.

"दाहाचा सगळा भाग रद्द. नवी तुकडी घेणार मी. दोन्ही बाजूंचे पिंजरे एकाच दिवशी बदलणार, आणि जुना कापूस टाकणार. मग जे निघेल ते निघेल."

"वर्ष जाईल त्यात," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ती जागा तुझ्यासाठी थांबणार नाही."

"नाही थांबणार."

"म्हणजे आणखी वर्षभर तू माझ्या घरात?"

"आपल्या घरात, वन्सं," वहिनी म्हणाली. प्रयोगशाळेत हा शब्द ती पहिल्यांदाच बोलली, आणि 'सं' जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवला.

घरी नवरा भांडला नाही. एका खोक्यावर बसला. मग म्हणाला, "एक विचारू? खरं होतं म्हणून तू हे केलंस, की तिला तू जायला हवी होतीस म्हणून?"  दोन्ही एकमेकांत असं गुंतलं होतं की सोडवायला गेलं तर तुटलं असतं. तो दोन खोल्यांच्या मालकाला फोन करायला गच्चीवर गेला, आणि ती खोकी सोडायला बसली.

त्याच्या गरम कपड्यांच्या खोक्यात तळाशी, त्याच्याच दोन स्वेटरांच्या घडीत, एक राखाडी लोकरीचा बायकी स्वेटर निघाला. कोपराशी विरलेला, एक गुंडी वेगळ्या रंगाची. तिने तो ओळखला नाही. नाकाशी नेला, आणि मग ओळखला, सासूबाईंच्या त्या बंद खोलीत हाच वास होता. डोक्याला लावायचं तेल, दुखण्यावर चोळायचा बाम, आणि त्याखाली एका म्हाताऱ्या माणसाचा उबट वास. बंद खोक्यातल्या लोकरीत तो तसाच्या तसा राहिला होता. घरातली एवढी एकच वस्तू तिच्या गरम पाण्यातून सुटली होती.

स्वयंपाकघरातून फडक्याचा आवाज येत होता. नणंद ओटा पुसत होती, जोराजोरात, कातडी निघेपर्यंत घासावं तशी. वहिनी स्वेटर मांडीवर घेऊन बसून राहिली. या घरातले चावे कशाने थांबतील ते तिला आता नेमकं ठाऊक होतं, आणि ते तिच्या हातातच होतं. चार पावलं चालायचं आणि द्यायचं. तिला सहीचं पान आठवलं. ते "छान झालंय" आठवलं. उन्हाळ्यापासून रोज समोरासमोर जेवलेली, काही न बोललेली ती बाई आठवली.

फडक्याचा आवाज थांबला. दारात नणंद उभी होती, ओल्या हातांनी. तिची नजर उघड्या खोक्यांवरून फिरली.

"काय काढतेयस?"

वहिनीने स्वेटर घडी घालून नवऱ्याच्या कपड्यांखाली सरकवला, आणि खोक्याची चारही पाखं खाली दाबली.

"काही नाही, वन्सं," ती म्हणाली. "जुनेच कपडे आहेत. धुवायला टाकावेत की नाही, ते बघत होते."